पांढऱ्या पट्टीवरचा ठिपका

गजा गेल्याचं सुलभावहिनींनी सकाळी फोनवर सांगितलं. "मास्तर, हे गेले... मागल्या दारी, बसल्या बसल्या. चाय घेऊन गेली तर मान कलंडलेली." मी रोह्याहून पेणला पोचेपर्यंत नाक्यावर फलकही लागला होता. पाच पुढाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांखाली आधारकार्डावरचा गजा, आणि त्याच्याखाली 'कलामहर्षी'. हयातीत त्याला कुणी अशी हाक मारली असती, तर कोण मोठा माणूस आलाय म्हणून त्यानं मागे वळून पाहिलं असतं.

गजा आखणी करायचा. म्हणजे हमरापूरच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे रंगवायचा. मी पेणच्या शाळेत शिकवत असताना त्याच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. निवृत्त होऊन रोह्याला गेलो, तरी महिन्यातून एकदा त्याच्या परसात जाऊन बसायचो. परस कसलं, दोन खोल्यांएवढी जागा. चहूबाजूंनी इमारती, एका गच्चीवर डोलवीच्या कंपनीतल्या पोरांचे युनिफॉर्म वाळत घातलेले. दिवसभर डोळे आखून आलेला माणूस तिथं संध्याकाळपर्यंत नुसता पाहत बसे. मुंगूस कधीच अंगण मधून ओलांडत नाही, भिंतीच्या कडेनंच जातं, हे मला त्यानं दाखवलं. सरडा मान हलवतो तेव्हा तो होकार देत नसतो, दम देत असतो, हेही. मी म्हटलं, सभेचे अध्यक्षही तसंच करतात. "नाय वो मास्तर," गजा म्हणाला, "सरडा कामाशिवाय मान हलवत नाय."

पाच-सहा वर्षांपूर्वी, आखणीची घाई असतानाच, भिंतीतल्या जुन्या पाइपातून दयाळ पक्ष्याचं पिल्लू खाली पडलं. गजानं ते उचलून परत ठेवलं. पण ठेवण्याआधी त्यानं एक केलं. कारखान्यात सारख्या दिसणाऱ्या शेकडो मूर्ती असतात. कुठली कुणाची हे कळावं म्हणून पाटाखाली रंगाचा ठिपका देतात. पुढच्या वर्षी हाच पक्षी परत आला तर ओळखता यावा, म्हणून गजानं पिल्लाच्या पंखावरच्या पांढऱ्या पट्टीवर सोनेरी ठिपका दिला. मुकुटाला लावतात तो रंग. दुसऱ्या सकाळी पाइप रिकामा होता.

उडून गेलं, की त्या चकाकत्या ठिपक्यानं कुणाच्या तरी नजरेत आलं आणि मेलं? गजाला एवढंच कळायला हवं होतं. त्यानंतर परसात दयाळ उतरला की तो बोलणं अर्ध्यावर सोडून आधी त्याच्या पंखाकडे बघायचा. दरवर्षी. मी शेजारी असलो तरी त्या क्षणी नसल्यासारखाच.

शेवटी, गेल्या हिवाळ्यात, मला राहवलं नाही. मी पुस्तकात वाचलेलं त्याला सांगून टाकलं. पक्ष्यांची पिसं झडतात, नवी येतात. तो ठिपका वर्षभरही टिकला नसेल. जगलं असलं तरी तुला कधीच कळणार नाही, सोड आता. मला वाटलं, मी त्याला मोकळं करतोय. गजानं भिंतीतल्या त्या पाइपाकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हंजे मास्तर... आता इथं येतो त्यातला कंचापण तो आसू शकतो!" आणि तो पूर्वीपेक्षा जास्त बसू लागला.

परवा मी वहिनींना भेटायला गेलो. मागल्या दारी उंबऱ्यावर बसून त्या वाल सोलत होत्या. बोलता बोलता मी हा पिसांचा किस्सा काढला, जरा हसूनच. त्यांचे हात थांबले.

"भारद्वाजानं नेलं ते," त्या म्हणाल्या. "सैपाकघराच्या खिडकीतनं बघितलं मी. चोचीत चमकलं तेव्हाच समजले."

"गजाला सांगितलं नाहीत?"

"डोले आखायचे दिस होते. हात थरथरला असता त्यांचा. मग म्हटलं, गणपती झाले की सांगू... मग दिवाली झाली की." त्यांनी एक शेंग उगीचच उलटसुलट केली. "ठिपक्यापायीच नेलं की तसंबी नेलं असतं, देवाला ठावं. पण मी बोलले असते तर सहा वर्सं असे बसले नसते वो. सांगायला हवं होतं ना, मास्तर?"

मी त्यांच्या पुढ्यातली एक शेंग उचलून सोलायला घेतली. एकीनं गप्प राहून आणि दुसऱ्यानं बोलून, आम्ही दोघांनी मिळून त्याला तिथं बसवून ठेवलं होतं. सुखात की शिक्षेत, ते त्याचं त्यालाच माहीत.

तेवढ्यात समोरच्या भिंतीवर दयाळ उतरला. वहिनींची मान वर गेली. त्यांनी खिडकीतून सगळं पाहिलेलं, तरी त्यांची नजर थेट पंखावर. मीही तिथंच पाहत होतो. पक्षी उडून जाईपर्यंत.