एकवीस मिलिमीटर

"आत या. पण आधी खिसे रिकामे करा."

तळघराच्या दारात स्टीलची थाळी पुढे धरून मास्तर प्रत्येक पाहुण्याला हे सांगायचे. किल्ल्या, पेन, मोबाइल, चष्म्याची डबी, सगळं त्या थाळीत. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "वाकलात की वरच्या खिशातून काहीतरी पडणार, आणि पडणार ते नेमकं माझ्या स्टेशनवर. मागे एका डॉक्टरांचं पेन पडलं. तीन प्रवासी जागच्या जागी गेले."

त्यांच्याबद्दल लिहा, असं आमच्या जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींनी मला कितीदा तरी सांगितलं. मी टाळत आलो. गप्पांत थाळीचा किस्सा सांगायचो, लोक हसायचे, आणि कोलोनचा विषय निघायच्या आत मी चहा आणायला उठायचो. आता मी शहात्तर वर्षांचा आहे, उठायलाही वेळ लागतो. तेव्हा या वेळी कोलोनपर्यंत जाऊ.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मोजमाप विभागात होतो. ते त्याच कंपनीच्या टूलरूममधून नुकतेच निवृत्त झाले होते. मूळचे पुण्याचे, पक्के टूलमेकर. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, म्हणजे स्टेशनमास्तर. ते मला इंजिनिअर म्हणायचे. जर्मनीत येण्याआधी, ऐन पंचविशीत, ते आयर्लंडमध्ये कॉर्कला दोन वर्षं कामाला होते. खोलीची खिडकी रेल्वेलाइनवर उघडायची. "टीव्ही नव्हता हो. गाड्याच बघायचो. सात-दहाची गेली की दाढी, आठ-वीसची गेली की घराबाहेर." नारिंगी-काळ्या डब्यांची ती गाडी त्यांच्या डोक्यात शिरली ती पस्तीस वर्षं तिथेच धावत राहिली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती छोट्या मॉडेलच्या रूपात तळघरात उतरवली.

तुम्ही म्हणाल, जर्मनीत राहायचं आणि आयरिश रेल्वे कशाला बांधायची? इथे तर दुकानात जावं, हवी ती छोटी गाडी उचलावी, रूळ जोडावेत, बटण दाबावं. गंमत इथेच आहे. दोन रुळांमधलं अंतर भारतात सर्वांत जास्त, जर्मनीत कमी, आणि आयर्लंडचं या दोघांच्या मधलं. मास्तरांच्या मॉडेलच्या प्रमाणात ते बरोबर एकवीस मिलिमीटर भरायचं. दुकानातले रूळ साडेसोळाचे. बहुतेक हौशी लोक त्याच साडेसोळावर आयरिश डबे चालवतात.

"कोणाला दिसतंय?" असं दुकानदार म्हणाला होता.

"मला दिसतंय," मास्तर म्हणाले. "धिप्पाड माणसाने पाय जुळवून चालावं तसं दिसतं ते."

मग काय, सगळं हाताने! पातळ लाकडाच्या पट्ट्या कापून रुळांखालचे स्लीपर, एकेका स्लीपरवर रूळ सोल्डर करायचे, चाकांचे आस स्वतः लेथवर काढायचे. रविवारी मी गेलो की भिंग माझ्या हातात देऊन ओरडायचे, "बघा, बघा, या आठवड्यात चाळीस सेंटिमीटर!" एखाद्याने गावाला रस्ता आल्याची बातमी सांगावी तशा आवाजात. मलाही त्याची लागण झाली. डब्याला नारिंगी रंगाचा तिसरा हात दिला की आम्ही दोन प्रौढ पुरुष तो वाळेपर्यंत शेजारी बसून राहायचो.

वहिनी वरून हाक मारायच्या. "अहो, माझ्या लोणच्याच्या बरण्यांना तळघरात जागा नाही आणि तुमच्या आयरिश गाईंना कुरण आहे!"

"सहाच गाई आहेत गं. त्यांना लागतं किती?"

"मग दूध तरी द्या म्हणावं."

दोन रुळांमध्ये एकवीस मिलिमीटर कायम राहावेत म्हणून पितळेचा एक ठोकळा वापरतात. त्याला गेज म्हणतात. तो दोन रुळांच्या मध्ये बसवायचा, रूळ त्याला टेकवायचे आणि मग सोल्डर करायचं. तो ठोकळा मी करून दिला होता. आमच्या कंपनीची रीत अशी, की मोजमाप विभागाने तपासलेल्या वस्तूवर हिरवा स्टिकर लागायचा, आणि एकदा तो लागला की टूलरूमचा माणूस ती वस्तू पुन्हा मोजत नसे. मोजली तर आमचा अपमान. मी गंमत म्हणून गेजच्या डबीवर हिरवा स्टिकर लावला. मास्तरांनी तो गंमत म्हणून घेतला नाही. दोन्ही हातांत डबी धरून म्हणाले, "आल्झो, तर मग मिटलं. मोजमाप तुमचं, हात माझे."

एका दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला. "इंजिनिअर, बसलाय ना? नसाल तर बसा. कोलोनहून पत्र आलंय!"

कोलोनच्या एका हौशी मंडळाचं, त्यांच्या भाषेत फेराइनचं, प्रदर्शन होतं. आमचं स्टेशन त्यांना हवं होतं. आयर्लंडहून दोन पाहुणे येणार होते आणि त्यांतला एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर होता. मास्तर फोनवर इतके जोरात बोलत होते की पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी मला खुणेनेच विचारलं, घरी सगळं ठीक ना?

स्टेशनची सरळ लाइन तयार होती. पण गाडी फिरून परत यायला एक मोठं अर्धगोल वळण बांधायला हवं होतं, आणि हाती तीन महिने. त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मास्तरांच्या उजव्या हातात किंचित थरथर आहे असं सांगितलं होतं. वयाची असेल, कदाचित वाढेल, लक्ष ठेवा. हे फक्त वहिनींना आणि मला माहीत होतं.

"रूळ हातात आला की हात गप्प बसतो," ते मला म्हणाले. आणि पुढे, "हे वळण जमलं तर हात अजून माझे आहेत. नाही जमलं तर मी थांबेन. उगाच वाकडं काम करत बसायचं नाही."

वळणाचं काम लवकर व्हावं म्हणून दुसरं गेज करून देतो, असं मी म्हणालो आणि नमुन्याला पहिलं कंपनीत घेऊन गेलो. शुक्रवार होता. ते माझ्या हातून सिमेंटच्या फरशीवर पडलं. एका कडेला खरखरीत ओठ आला. त्याच वेळी मला मीटिंगला बोलावलं. मी कानस घेतली, दोन हात फिरवली. कड अजून लागत होती, म्हणून आणखी दोन. बोटाला गुळगुळीत लागल्यावर डबीत ठेवलं. जुना स्टिकर सुटला होता, नवा हिरवा स्टिकर लावला. मोजलं नाही. दिवसभर दुसऱ्यांना मायक्रॉन शिकवणाऱ्या माणसाने ते मोजलं नाही. दुसरं गेज करायलाही वेळ झाला नाही. संध्याकाळी तेच परत नेऊन दिलं.

पण ते तीन महिने! तसे दिवस माझ्या आयुष्यात फार आले नाहीत. सोल्डरचा वास, वरून येणारा फोडणीचा वास, आणि मास्तर भिंग लावून एकेक स्लीपर पुढे सरकत. खरंच, रूळ हातात आला की हात स्थिर व्हायचा. मी पाहिलंय. तळघर छोटं, त्यामुळे रूळ बसवलेले सगळे बोर्ड जोडून गाडी चालवून पाहणं शक्य नव्हतं. वळणावर एक डबा नुसता हाताने ढकलून पाहिला.

"जरा जड जातोय का?" मी विचारलं.

"नवा रूळ आहे, बसेल. गेज तुमचं आहे ना? मग काय!"

कोलोनला आम्ही भाड्याच्या व्हॅनने गेलो. वहिनींनी डबा भरून पुरणपोळ्या घेतल्या होत्या, आयरिश पाहुण्यांसाठी. मास्तर नवा टाय घालून मागे बोर्डांशेजारी बसले आणि प्रत्येक खड्ड्याला "हळू, स्टेशनात लोक आहेत!" म्हणून ओरडत राहिले.

हॉलमध्ये आमच्या टेबलाभोवती ही गर्दी! तो म्हातारा ड्रायव्हर आला, खाली वाकला, नजर रुळांच्या पातळीला आणली आणि रूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला. मग म्हणाला, रुंदी बरोबर आहे. आयर्लंडच्या बाहेर त्याने हे पहिल्यांदा पाहिलं होतं. मास्तरांनी माझा दंड इतका जोरात दाबला की दोन दिवस दुखत होता.

"सोडा गाडी, इंजिनिअर!"

इंजिन आणि नारिंगी-काळे तीन डबे स्टेशनमधून निघाले. टाळ्या पडल्या. वहिनींनी नकळत हात जोडले. गाडी वळणात शिरली, मंदावली, आणि तिसरा डबा रुळावर चढून बाजूला पडला.

उचलून ठेवला. पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी इंजिनच घसरलं.

मला त्याच क्षणी कळलं. कानशीचे चारही हात माझ्या बोटांना आठवले. रूळ जवळ आले होते, चाकं आवळली जात होती.

मास्तरांनी डबीतून गेज काढलं आणि वळणावर ठिकठिकाणी लावून पाहिलं. ते सगळीकडे चपखल बसलं. बसणारच, त्याच गेजावर तर रूळ बसवले होते. त्यांनी ते पुन्हा डबीत ठेवलं. मग दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून तळव्यांकडे पाहत राहिले.

"गेज बरोबर आहे, इंजिनिअर. रूळ मीच पिळलाय. हातच."

वहिनी हळूच म्हणाल्या, "असू दे हो. प्रवासात बोर्ड हलला असेल."

"नाही. हात."

मी शेजारी उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

उरलेले दोन दिवस गाडी नुसती सरळ लाइनवर मागे-पुढे केली. ड्रायव्हरने तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि त्यांच्याकडच्या गाड्याही घसरायच्या असं मुद्दाम दोनदा सांगितलं. मास्तर हसले. सोमवारी "आणतो पुन्हा तपासून" म्हणून मी ते गेज कंपनीत नेलं. वीस पूर्णांक सात दशांश. एवढ्या फरकावर आमच्याकडे अख्खा माल परत जातो.

मी काय केलं? दुसरं गेज बनवलं, बरोबर एकवीसचं, आणि ते डबीत ठेवून परत केलं. तोवर त्यांनी सोल्डरिंगची सगळी हत्यारं फेराइनला देऊन टाकली होती. "तरुण कोणीतरी वापरेल," म्हणाले. खरं सांगायला सुरुवातीला मला माझ्या कामाची लाज आडवी आली. नंतर उशीर झाल्याची.

चारेक वर्षांनी ते दोघं म्युनिकला मुलीकडे राहायला गेले. मी भेटायला गेलो. जाताना गाडीत वाक्य पाठ केलं होतं. पण दार उघडताच मास्तरांनी मला ओढत कॉम्प्युटरपुढे नेलं. आयर्लंडमधल्या कुणीतरी एकवीस मिलिमीटरवर अख्खं जंक्शन बांधलं होतं, त्याचे फोटो आले होते. "हे वळण बघा! काय हात आहेत या माणसाचे, इंजिनिअर! हात बघा!" नातीने जर्मनमध्ये विचारलं, आजोबा, तुम्हीही असं बांधायचात ना? ते मराठीत म्हणाले, "सरळ लाइन बांधायचो गं." तेव्हा त्यांचे हात खरंच थरथरत होते, माउस धरवत नव्हता, आणि मला ती थरथर सोयीची वाटली. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटली.

निघताना दारात मी म्हणालो, "मास्तर, एक सांगायचं होतं. पुढच्या वेळी सांगेन."

"आत्ता सांगा की."

"एस-बान चुकेल."

"जा, जा, गाडी चुकवू नका!" म्हणत त्यांनीच मला पिटाळलं. पुढची वेळ आलीच नाही. फेब्रुवारीत मास्तर गेल्याचा वहिनींचा फोन आला. ब्राउनश्वाइगला आम्ही सगळे जमलो तेव्हा कोणीतरी म्हणालं, हात थरथरायला लागले म्हणून बिचाऱ्यांना सोडावं लागलं, आणि मी मान डोलावली.

ते खोटं आहे. मास्तर, तुमचे हात चुकले नव्हते. गेज माझ्या हातून पडलं, मी ते कानसलं आणि न मोजता स्टिकर लावला. कोलोनला तुम्ही हातांकडे पाहत होतात तेव्हा मला हे कळलं होतं. वळण तुम्ही बरोबर बांधलं होतं. मला माफ करा.