आटवलेलं पाणी

निम्म्या गावाची नाळ चंदाबाईनं कापली होती. त्यामुळं ती सांगेल ते ऐकायचं, असा गावचा रिवाजच पडून गेला होता. दाईच्या शिक्षणाला ती सिंदेवाहीला जाऊन आली, तेव्हा लेकराचं पाणी उकळा एवढंच तिला सांगितलं होतं. बाकीची भर तिची. काढा निम्मा आटला की गुण उतरतो, मग पाण्याचं का तसं नसावं? "दोन लोटे ठेवा, एक उरेपर्यंत आटवा," असं ती घरोघर सांगत सुटली. गाव आटवू लागलं.

दोन हजार एक साली तिची लेक भाग्यश्री बाळंतपणाला माहेरी आली. पोरगी झाली, आचल. मागून भाग्यश्रीला ताप आला आणि दूध आटलं. पावडरच्या डब्याचं दूध सुरू झालं. पाणी आखरावरच्या बोरिंगचं, थंडगार, काचेसारखं. आखर म्हणजे गुराखी रोज सकाळी गावची गुरं गोळा करतो ती जागा. सरकारी पडीक, कुणाचं वावर जात नाही, म्हणून बोरिंग तिथंच मारली होती. आज्या-पणज्यापासूनचं शेणमूत त्या मातीत मुरलं होतं, ते कोण कशाला मनात आणेल?

दुसऱ्या महिन्यात आचलचे ओठ जांभळाच्या सालीसारखे दिसू लागले. नखं निळी पडली. रडेना, नुसती पेंगायची.

"नजर लागली असन," चंदाबाईचा नवरा उमाजी जाळं सांधता सांधता म्हणाला.

नाळ गळ्यात अडकून निळं झालेलं लेकरू चंदाबाईनं पाहिलं होतं. पण हे श्वास नीट घेत होतं आणि तरी निळं. तिनं नवऱ्याशी वाद घातला नाही. पोरीला लुगड्यात गुंडाळलं, भाग्यश्रीला उठवलं आणि मिळेल त्या जीपनं चंद्रपूर गाठलं.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं टाचेला सुई टोचली. कापसावर उतरलं ते रक्त वाळल्या मोहफुलासारखं तपकिरी होतं.

"आजी, दुधात पाणी कुठलं घालता?"

"आखरावरच्या बोरिंगचं. निम्मं होईस्तोर आटवून," चंदाबाई ताठ मानेनं म्हणाली.

डॉक्टरिणीनं लिहिणं थांबवलं. आखर म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग सावकाश सांगितलं, "शेणामुताचा क्षार जमिनीत उतरतो, पाण्यात येतो. नायट्रेट म्हणतात. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. अंगावर पिणाऱ्या लेकराला सहसा नाही. पण वरच्या दुधावरच्या एवढ्या जिवाचं रक्त त्यानं हवा धरत नाही. उकळून जंतू मरतात, क्षार जात नाही. पाणी निम्मं केलं की तो दुप्पट."

मिठाचं पाणी आटवलं की खारट होतं. जन्मभर मासे खारवलेल्या बाईला हे दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती.

"म्हंजे म्याच पाजलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"माईत नव्हतं. पन पाजलं तं म्याच."

निळ्या पोरीच्या शिरेत औषधही निळंच दिलं. संध्याकाळी ओठ गुलाबी झाले, आणि आचल दवाखाना डोक्यावर घेईल एवढी रडली.

चंदाबाईनं बोरिंगचं आणि नदीच्या रेतीत खणलेल्या झिऱ्याचं, अशा दोन बाटल्या तपासायला पाठवल्या. झिऱ्याचं बरं निघालं, बोरिंगचं वाईट. सरपंच बापूराव कागद पाहून हसला. "आमी दहा वर्सांपासून पिऊन राह्यलो, बाई. मेलं का कोनी? आन आटवा म्हून सांगे कोन?"

"म्याच सांगे. म्हून म्याच शब्द फिरवतो."

उमाजी घरी चिडला. "चूप राय ना. आपली चूक गावभर सांगशीन, तं तुह्या हातचं बारतपन कोन करन?"

"नोको करू देत. लेकरू जगलं पायजे."

डोक्यावर झिऱ्याच्या पाण्याचा गुंड घेऊन ती दारोदार फिरली. "म्या सांगतलं थे चुकलं. माह्या आचलले त्यानंच झालं." कुणी तोंडावर हसलं. एकीनं दार लोटलं. सुकलूच्या घरी मंगलीला जुळी होती, अंगावरचं दोघांना पुरत नव्हतं. चुलीवर बोरिंगचं पाणी रटरटत होतं, तिसरा हिस्सा उरलेलं. मंगली दाईचा शब्द तिच्याहून जास्त पाळत होती.

चंदाबाईनं पदरानं भांडं धरलं, अंगणात नेऊन उपडं केलं आणि आपला गुंड चुलीशी टेकवला.

"बाई, नदी अर्धा कोस हाय," मंगली म्हणाली. "दोघाईले सोडून मी जाऊ कशी? आज तुमी आनलं. उद्या?"

"उद्या बी मीच आनतो. लेकरं भात खाईस्तोर."

"तुमी म्हातारी हा."

"म्हातारी हाव, लंगडी नाई."

मंगलीनं गुंडातलं पाणी ओतून घेतलं आणि नवं भांडं चढवलं. बुडबुडे आले तसा तिचा हात थांबला. सवयीनं जाळ आणखी सारणार होती.

"उकळी आली का उतरवायचं?"

"हो. बस तेवढंच."

मंगलीनं भांडं उतरवलं. चंदाबाईनं रिकामा गुंड उचलला. घरचं पाणी अजून आणायचं होतं, आणि आचलच्या दुधाची वेळ होत आली होती.