शास्त्रातल्या पाच बहिणी आणि आमच्या घरमालकीणबाई

तारवातलं शेण कोणी काढलं, हा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का? जगबुडी आली, नोहा नावाच्या भल्या माणसानं भलंमोठं तारू बांधलं, त्यात प्रत्येक जनावराची जोडी घेतली आणि सगळं खिल्लार पाण्यावर तरंगत राहिलं, ही ख्रिस्ती शास्त्रातली गोष्ट तुम्ही कुठेतरी ऐकली असेल आणि ऐकून गप्प बसला असाल. सगळेच बसतात. आजवर झालेल्या मोठमोठ्या पंडितांनी त्या तारवाची लांबी मोजली, रुंदी मोजली, लाकूड कोणतं होतं यावर भांडणं केली. पण एवढ्या जनावरांच्या शेणाचं काय झालं, असं विचारणारं माणूस दुनियेत एकच निघालं. ते नगरच्या एका बोळात राहत होतं, आणि त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते.

मुंबईहून एक नामांकित उपदेशक आले होते. तासभर तारवावर बोलून झाल्यावर रीत म्हणून त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" चर्चमध्ये अशा वेळी कुणालाही शंका नसते. पण बायकांच्या सतरंजीवरून आमच्या घरमालकीणबाई उठल्या, पदर नीट केला आणि तारवातल्या शेणाचं विचारलं. उपदेशक म्हणाले, "बाई, शास्त्रात तसा उल्लेख नाही."

"नसणारच," बाई म्हणाल्या. "नोहाच्या बायकोचं नावही नाही. दोन्ही एकाच कारणानं राहून गेलंय."

बाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, उंच, सडसडीत आणि नाकावर तुटक्या काडीचा चष्मा. तरुणपणी त्यांनी धर्मशिक्षणाच्या कॉलेजात हट्टानं प्रवेश मिळवला, हिब्रू आणि ग्रीक या दोन्ही भाषा शिकल्या, आणि शिकून आल्यावर त्यांना काम मिळालं ते लहान मुलांना रविवारी गाणी शिकवण्याचं. ती त्यांनी शिकवली. पण घरी मात्र तीस वर्षं त्या एकच ग्रंथ लिहीत होत्या: शास्त्रातल्या बायका. राण्या, संदेष्ट्या, विधवा, बटकी, आणि ज्यांना कुणी नावसुद्धा दिलं नाही अशा 'अमक्याची बायको' आणि 'तमक्याची मुलगी'. या बिननावाच्या बायकांना बाईंनी आपल्या जवळची नावं देऊन टाकली होती. नोहाची बायको पारूबाई. जळत्या गावाकडे मागे वळून पाहिलं म्हणून मिठाचा खांब झालेली ती बिचारी सखूबाई. त्यामुळे सकाळी दात घासताना बाई जेव्हा म्हणत, "काल रात्री पारूबाईंचं फार वाईट वाटलं गं," तेव्हा बोळात नव्यानं राहायला आलेली माणसं चुकचुकून विचारत, "केव्हा गेल्या?"

हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि पुस्तक आपल्या दृष्टीनं मागून उघडतं. बाईंच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की त्या वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत, आणि रांगेत उभं राहायचं झालं तर आधी शेवटच्या माणसाची चौकशी करत. मी तेव्हा दिवसरात्र चळवळीची पत्रकं लिहीत असे. माझे वडील छापखान्यात कंपोझिटर. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. मी बाईंना माझं ताजं पत्रक वाचायला दिलं, तर त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "'झालंच पाहिजे' हे कळलं. आता काय झालं पाहिजे ते वर शोधते." बराच वेळ शोधून त्यांनी पत्रक परत दिलं. "सापडलं नाही. पण आवाज चांगला आहे."

धर्माची सगळी पुस्तकं बंबात घालावीत, असं माझं त्या वेळी ठाम मत होतं, आणि भाडं देताना मी ते बाईंना दर महिन्याला ऐकवत असे. बाई कधी रागावल्या नाहीत. एकदा एवढंच म्हणाल्या, "तुझं पत्रक लोक न वाचता चिवडा बांधायला घेतात, तेव्हा तुला कसं वाटतं? मग हे तरी वाचून जाळ." आणि मला त्यांनी रोज संध्याकाळी पुढ्यात बसवून वाचायला लावलं. भाकरी जळायची, कारण भाकरी टाकली की बाईंना एखादं क्रियापद आठवायचं. हिब्रूत दया या अर्थाचा शब्द गर्भाशयाच्या शब्दातून निघतो, हे त्यांना एका सकाळी कळलं, तेव्हा आनंद मावेना म्हणून त्यांनी तो दारावर आलेल्या भाजीवालीला सांगितला. ती म्हणाली, "मंग त्यात काय नवं? दया काय गुडघ्यातनं येती व्हय?" बाईंनी तिच्याकडून त्या दिवशी गरजेपेक्षा तिप्पट मेथी घेतली आणि आम्ही चार दिवस मेथी खाल्ली.

उपासनेत त्या खोकत. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, एखादा संदर्भ चुकीचा दिला की साधा खोकला. पण जगातल्या सगळ्या पापाचं खापर पहिल्या बाईच्या डोक्यावर फोडलं की असा ठसका लागायचा की बायका पाणी आणायला धावत. पुढे पुढे पाळकसाहेब तो विषय आला की आधी सतरंजीकडे बघत आणि म्हणत, "पाप कुणी का आणलं असेना..."

पण बाईंच्या या विद्येचा कुणाला काडीचा उपयोग आहे, असं नगरात कुणालाच वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही. तोवर ती मुलगी आली.

बाहत्तर सालचा दुष्काळ भरात होता. नर्सिंग शिकणारी एक मुलगी दर रविवारी बाईंकडे जेवायला येत असे. तिचं गाव मिरजगावच्या पुढे, वडील शाळामास्तर. त्यांनी स्वतःच्या पगारातून गावात दोन एकर रान घेतलं, विहीर पाडली, दोन खणांचं घर बांधलं. आई आधीच गेली होती. त्या वर्षी मास्तरही गेले. मागे तीन मुली, मुलगा नाही. मास्तर परगावी नोकरीला असल्यानं रान कसत होता त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे मुलींचा चुलता. आजूबाजूच्या विहिरी खडखडीत असताना या एका विहिरीला पाणी टिकून होतं, आणि चुलत्यानं सांगितलं होतं की रान माझं, घर माझं, पोरींनी आपापली सोय बघावी. धाकट्या दोघी अजून शाळेत होत्या. कायदा मुलींच्या बाजूनं आहे, असं वकील म्हणाला; पण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत त्या दोघी राहणार कुठे आणि खाणार काय? गावच्या ख्रिस्ती मंडळीत असे तंटे उपासनेनंतर पंच मिटवतात. येत्या रविवारी निकाल होता, आणि चुलता स्वतः पंचांपैकी एक होता.

बाईंनी ताटातला हात थांबवला. "किती बहिणी म्हणालीस?"

"तीन."

"मागच्या वेळी पाच होत्या," बाई म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

रविवारी बाई, ती मुलगी आणि मी पहाटेच्या एस.टी.नं निघालो. बाईंच्या मांडीवर हिब्रू शास्त्र, जुन्या पोलक्याच्या कापडात गुंडाळलेलं. चर्च लहानसं, पत्र्याचं. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, समोर गावचे पाळकसाहेब आणि बाकावर पंच. उपासना संपली आणि बाई उभ्या राहिल्या. पहिलंच वाक्य: "ज्याच्यावर फिर्याद आहे त्यानं न्यायाधीशाच्या बाकावरून उतरून खाली बसावं, म्हणजे मला बोलता येईल."

चुलता गडी तगडा, मिशीवाला. तो खाली बसला नाही, पण हसला. "बाई, तुमी नगरच्या. कायदा तिकडं. हितं शास्त्र चालतं. पोरींना बापाच्या जमिनीत वाटा, आसं शास्त्रात कुटं हाय? दावा की!"

वाचकहो, दारूगोळ्याच्या कोठारात शिरून काडी मागावी, तसं हे झालं. रूढी म्हणाला असता, रिवाज म्हणाला असता, तर बाई काय करणार होत्या? पण त्यानं शास्त्र मागितलं.

बाईंनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. त्यांनी गोष्ट सांगितली. देवाचे लोक वाळवंटात होते, जमिनीच्या वाटण्या ठरत होत्या. एक माणूस मेला, त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. त्या पाच जणी उठल्या आणि पुढाऱ्यापुढे, याजकांपुढे, सगळ्या लोकांपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं? आम्हांला वाटा द्या. एवढा मोठा पुढारी, पण त्याला उत्तर सुचेना. त्यानं देवाला विचारलं. आणि देव म्हणाला, मुलींचं बरोबर आहे.

"पाळकसाहेब, तुमच्याच मराठी शास्त्रातून वाचून दाखवा," बाई म्हणाल्या. पाळकसाहेबांनी पान काढलं. वाचायला लागले तेव्हा आवाज कोरडा होता, संपवताना भरदार झाला. बायकांच्या बाजूला कुजबुज उठली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आन् हे आजवर कुनी वाचलं न्हाई ते!"

पण चुलता काही कच्चा नव्हता. तो पंच होता आणि शास्त्र त्यानंही वाचलेलं होतं. तो गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "थांबा! गोष्ट आर्धीच सांगितली बाईंनी. त्याच पुस्तकात पार शेवटाला जावा, पाळकसायेब. त्या पोरींना देवानं अट घातली हुती. भाईर लगीन केलं की जमीन भाईर जाती. वाचा, वाचा मोट्यानं!"

मी बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या.

पाळकसाहेबांनी पानं उलटली आणि वाचू लागले. जमीन कुळाबाहेर जाऊ नये म्हणून त्या पाच जणींनी बापाच्या कुळातच लग्न करावं, असा हुकूम झाला. चुलता मान डोलवत होता. मुलींनी तो मानला. चुलता मिशीवर बोट फिरवत होता. आणि त्यांनी लग्नं केली... इथं पाळकसाहेबांचा आवाज अडखळला... आपल्या चुलत भावांशी.

बायकांच्या बाजूचे पदर तोंडावर गेले. मग तीच म्हातारी ओरडली, "काय वाचलंत? चुलत भावासंगं? अगं बया!"

पुरुषांच्या बाजूनं एक तरणाबांड मुलगा ताडकन उठला. चुलत्याचा मुलगा, साखर कारखान्यात फिटर. कानापर्यंत लाल झालेला. "आबा! काय बोलताय काय? तायडी हाय ती माजी! दर दिवाळीला ववाळती मला!"

"खाली बस रे," चुलता म्हणाला, पण आता त्यालाच कुठे बसावं कळत नव्हतं.

"बसू दे त्याला, पण आधी ठरवा," बाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "मी पहिल्या अध्यायावर थांबले होते. पुढचा तुम्ही काढला. दोन्ही पाळायचे असतील तर नवरदेव उभाच आहे."

सगळं चर्च हसलं. पंच हसले, पाळकसाहेबांनी शास्त्र तोंडापुढे धरलं. चुलता घाम पुसत म्हणाला, "ती तिकडची रीत हुती, बाई. आपल्यात चालत न्हाई."

"म्हणजे शास्त्रात लिहिलेली एखादी गोष्ट ही त्या काळची, त्या लोकांची रीत असू शकते, आणि न्याय त्याहून वेगळा असतो," बाई म्हणाल्या. त्यांनी पुसलेला चष्मा नाकावर चढवला. "हे मी तीस वर्षं सांगते आहे. आज पंचांनी मान्य केलं. देवाची स्तुती असो."

म्हातारीनं शेवटचा खिळा ठोकला. "भैन म्हन्ता ना? मंग निस्ती तोंडानंच भैन व्हय? भैनीला दारात उभी करून भाऊ इहिरीचं पानी पितो का?"

"आमी न्हाई पिनार," फिटर म्हणाला आणि बहिणींच्या मागे जाऊन उभा राहिला.

मग पंचांना फारसं बोलावंच लागलं नाही. रान, घर आणि विहीर तिघी बहिणींची. नर्सिंग शिकणारी मोठी बहीण आता चुलत्याकडे वळली. ती पुढे आली आणि म्हणाली, "काका, पाण्याची एक पाळी तुमच्या रानाला राहील. आप्पा असते तर त्यांनी दिलीच असती." चुलत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, बाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, पुन्हा येनार आसाल तर आधी कळवा. मी परगावी जाईन."

बायकांनी बाईंना जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं. दुष्काळात कुणाच्या घरात काय असणार, पण कुणी गुळाचा खडा, कुणी मूठभर हुलगे त्यांच्या पदरात टाकले. त्या पाच बहिणींची नावं काय हो, असं जी ती विचारत होती. बाईंनी पाची नावं सांगितली, बायकांनी ती घोकली, आणि धाकट्या दोघी तर विहिरीवर जाऊन ती नावं आत ओरडून आल्या. माझ्या सगळ्या पत्रकांनी मिळून जेवढं केलं नव्हतं, तेवढं त्या सकाळी पत्र्याच्या त्या चर्चमध्ये झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

परतीच्या एस.टी.त मी बडबडत होते. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "आमची जमीन प्रवरेच्या कालव्याखाली आहे. चांगला ऊस येतो. आमचे वडील गेल्यावर भावांनी मला जेवायला बोलावलं, लुगडं दिलं आणि विचारलं, ताई, तुला काय करायचीय जमीन? मी म्हटलं, खरंच, मला काय करायचीय."

"तुम्ही? तुम्हांला तर शास्त्र माहीत होतं!"

"तेव्हा कळत नव्हतं गं. नुसतं पाठ होतं."

एवढं बोलून त्यांनी पदरातले हुलगे नीट बांधले आणि डोळे मिटले. भावांविषयी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. त्यांचा ग्रंथ अजून छापला गेलेला नाही. हल्ली डोळ्यांना कमी दिसतं म्हणून त्या सांगतात आणि मी लिहिते.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. यंदा भाऊबीजेला बहीण येईल. ती यायच्या आधी तलाठ्याकडे जा आणि सातबाऱ्यावर तिचं नाव चढवण्याचं काय करावं लागतं ते विचारून या. मग तिला सांगा. ती लगेच म्हणेल, "मला काय करायचीय, दादा." तेव्हा ताट बाजूला सारा, तिच्यासमोर बसा आणि तिला पुन्हा एकदा विचारा.