फोटोवाल्याचा आहेर

आमच्या संगमेशचे पैसे कुणी बुडवत नाही हो. हाच मागत नाही!

अहमदपुरात आमचा छोटा स्टुडिओ. लग्नसराईत हा गावोगाव फिरतो. फोटो निवडायला बसला की चहा थंड होतो, हाक ऐकू येत नाही. "सुकन्या, हे बघ ना," म्हणतो, अन् मीही बघत बसते. हळद लागलेल्या नवरीच्या गालावर कोवळं ऊन, मागं मांडवाची सावली. बघता बघता मीच गुंगून जाते.

पण निघताना यजमान ह्याला घरचा माणूस म्हणून आहेर करतात. टॉवेल, टोपी, नारळ. झालं! "आहेर घेतला, आता बिल कसं पाठवू गं?" मोबाइलवर बिल करतो अन् पुसून टाकतो. टॉवेल-टोपीवर संसार होतो का? कॅमेऱ्याचे हप्ते थकले. फायनान्सवाला कॅमेरा उचलून नेईन म्हणून सांगून गेला. अन् कॅमेरा नसलेला संगमेश मला नको होता.

"बस टोपी घालून!" मी म्हणाले, अन् रेणापूरच्या ऋतुजाच्या लग्नाचं बिल छापून मीच एसटीत बसले. खिडकीतून सोयाबीनची हिरवी रानं मागं सरत होती. काय बोलायचं ते घोळवता घोळवता डोळा लागला.

ऋतुजाच्या आईनं, सौदामिनीबाईंनी, दारातच हात धरला. चहा झाला. मी पर्स उघडणार तोच त्यांनी पाट मांडला, कुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली.

"माहेर कुठलं, बाई?"

"किनवटकडचं. आई गेल्यापासून कुणी न्हाई तिथं."

"मग हेच माहेर समज."

घ्या! डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. पैसे मागायला संगमेशची जीभ का रेटत नाही ते तेव्हा कळलं. बिल पर्समध्येच राहू द्यावं वाटलं.

पण माहेरात लेक लाजते व्हय? भांडून घेते. मी बिल काढून पुढं धरलं.

"आई, मग एवढे पैसे द्या बघू. कॅमेरा चाललाय आमचा."

त्या खळखळून हसल्या. "अहो, ऐकलं का? पोरीचे पैसे द्या आधी!" ऋतुजाच्या वडिलांनी, उद्धवरावांनी, तिथंच मोबाइलवरून पैसे पाठवले.

परतीच्या एसटीत संगमेशचा फोन आला. "काय म्हणून मागितलंस गं?"

सांगायला तोंड उघडलं, अन् ध्यानात आलं, किती वर्षांनी मी कुणाला आई म्हणाले. फोन कानाला धरून नुसती रडत राहिले.