‘करून दाखवा’ म्हणणारे हमीदभाई

हमीदभाई तांबोळी यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती माझ्या चुकीमुळे. दौंडच्या मानसोपचार दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. हमीदभाई तिथे औषधखिडकीवर होते. मी भरलेला कागद त्यांनी परत सरकवला.

"‘औषध नियमित’ लिहिलंत. बघितलंत, का विचारलंत?"

"विचारलं."

"मग ‘नियमित घेतो म्हणतात’ असं लिहा."

मला ते खडूस वाटले. त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात असं लिहू नये, पण खरं ते खरं.

मंत्रचळाच्या आजारात मनातली एकच शंका माणसाला तेच ते काम पुन्हापुन्हा करायला लावते. औषधाचा गुण यायला आठवडे लागतात. बरं वाटलं की लोक गोळ्या सोडतात, आणि नाही वाटलं तरी सोडतातच.

दोन वर्षांपूर्वी केंदूरची एक सून सासूबरोबर आली. दिवसभर हात धुवायची. आपले हात घाण आहेत या भीतीनं तिनं रांगत्या लेकीला कित्येक आठवडे उचललं नव्हतं. सासू म्हणाली, "रोज गोळी घेती. ही बघा रिकामी पाकिटं. आता गुण न्हाई आला तर हिला माहेरी धाडनार. पोरगी आमच्याकडं ऱ्हाईल."

मी पुन्हा ‘नियमित’ लिहिलं. डॉक्टर डोस वाढवायच्या विचारात होते.

हमीदभाई खिडकीबाहेर आले. पेशंट कितीही लहान असो, ते अहोजाहोच करतात. त्या दिवसाची गोळी तिच्या हातावर ठेवून ते म्हणाले, "ताई, कशी घेता ते करून दाखवा."

ती नळाशी गेली. गोळी साबणानं धुतली, परत धुतली, अशी सात वेळा. तोंडात गेला तो बोटाला चिकटलेला चुरा.

"गोळीला माझा हात लागल्याला असतो ना, चाचा."

सासू आ वासून बघत राहिली. मला लाज वाटली.

डोस वाढला नाही. गोळी हात न लावता पाकिटातून थेट तोंडात टाकायची, असं हमीदभाईंनी डॉक्टरांना विचारून तिला शिकवलं. मी पुस्तकी शंका काढलीच, की हे तर आजाराचं ऐकणं झालं.

"आधी औषध पोटात जाऊ द्या. मग आजाराशी भांडायला तुम्ही आहातच."

ते भांडण पुष्कळ महिने चाललं. एकदा ती ठरल्या दिवशी आली नाही, तर हमीदभाई स्कूटरवरून केंदूरला गेले, चहा प्याले, ती गोळी घेताना बघितली आणि परतले. विचारलं तर म्हणाले, "रस्ता बरा झालाय."

गेल्या आठवड्यात ती लेकीला कडेवर घेऊन आली होती. हात अजून थोडे जास्तच धुते, लपवत नाही. या ग्रंथाचं सांगून मी विचारलं, "तुमच्याकडून काय लिहू?"

तिनं लेकीचं शेंबडं नाक आपल्या हातानंच पुसलं.

"लिवा, चाचा, शंभर वर्सं ठणठणीत जगा. आन् नुस्तं व्हय म्हनू नका. करून दाखवा."