बर्फाच्या कोठीत कानटोपी

हासा, पण आधी चहा घ्या. मंग सांगतो, मी माह्याच अकलेनं बर्फाच्या कोठीत कसा कोंडला गेलो ते!

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. वरवट बकालात माह्यं शिलाईचं दुकान. बायको वारलेली. एकुलता पोरगा वसंता फौजेत, पार तिकडं काश्मिरात! त्यानं लिहिलं, "बाबा, कान गळून पडतीन अशी थंडी हाये."

मंग काय! घोंगडी कापली, आत कापूस ठासला अन् कानटोपी शिवली. फक्त डोळे उघडे; नाक, तोंड, कान सारं बंद. हनुवटीखाली चार नाड्या.

पण पारखावी कुठं? आपल्याकडं हिवाळ्यातबी दुपारी घाम फुटते. घरात इचारावं कोणाले? भिंतीले? बसलो यष्टीत, गाठला खामगावचा बर्फाचा कारखाना.

तिथला मुकादम ओळखीचा. "काऊन मास्तर, डोकं फिरलं का?"

"फिरलं नाई, झाकलं हाये. अर्धा घंटा आत बसू द्या."

"बसा. आवाज देतो, तवा निघा."

बसलो लाद्यांमंदी. डोकं कसं गरम! वसंता समोर हाये समजून बोलत राह्यलो. घरी तरी कोणाशी बोलत होतो? मुकादमानं तीनदा आवाज देला म्हणे. कापसातून ऐकू येईन तं शपथ! त्याले वाटलं, मास्तर निघून गेले. लावलं ना दार!

पाय बधिर झाले तवा उठलो, तं दार बंद! बोंबललो, तं बोंब टोपीतच राह्यली. नाड्या सोडाव्या, तं बोटं आखडलेली. शेवटी दारावर लाथा हाणल्या.

हमालानं दार उघडलं अन् किंचाळला, "अस्वल! अस्वल!" सारा कारखाना काठ्या घेऊन धावला. गळ्यातल्या टेपवरून मुकादमानं ओळखलं.

"आवाज देला ना तुमाले!"

"काय म्हणता?" टोपी अजून डोक्यावरच!

मुकादमानं त्याच्या घरी नेऊन जेवू घातलं. भूक दोन भाकरींची होती, चार खाल्ल्या. उठावंसंच वाटत नव्हतं.

घरी आलो. पेटीत वसंताचं नवं पत्र आठ दिवसांपासून न फोडता ठेवलेलं. पत्र आलं का मी लगेच फोडत नसो. फोडलं का वाचून होते, अन् मंग महिनाभर नुसती वाट! त्या दिवशी मातर एवढा पराक्रम केला म्हणून फोडलं.

"बाबा, माही बदली मद्रासले झाली. लय उकडते. दोन पातळ बंड्या शिवून धाडा."