अंबिकेच्या वाट्याची मेंढरं

अंबिकेच्या बारशाला तिच्या मामानं, पुंडलिकनं, पाळण्याशेजारी एक कोकरू आणून बांधलं. आई सारजाबाईनं त्याच दिवशी नवऱ्याला, बिरूला, बजावलं, "ही मेंढी अन् हिची सगळी पिलावळ पोरीच्या शिक्षणाची. काय बी होवो, घरखर्चाला हात लावायचा नाय."

बिरू हसला. शाळेची पायरी दोघांनीही चढली नव्हती. पण शब्द त्यानं पाळला. एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला, तेव्हा घरची मेंढरं विकली, अंबिकेची राखली.

यंदा तिचा संभाजीनगरात नर्सिंगला नंबर लागला. फीला सरकारी सवलत होती. राहणं-खाणं, पुस्तकं घरानं बघायची होती. वाळूजला कंपनीत असलेला थोरला भाऊ आदिनाथ म्हणाला, "मेसचं मी बघतो. बाकीचं मेंढरांवर भागवू."

बिरू मात्र म्हणाला, "आधी हॉस्टेलची जागा बघतो. मग मेंढरं बाजारात काढतो."

सारजाबाईला शंका आली. जिवापाड सांभाळलेली जनावरं. आता विकायच्या वेळी ह्यांचं मन फिरलं की काय?

तिघं हॉस्टेलवर गेल्यावर बिरूनं आधी फाटक हलवून बघितलं. नळाचं पाणी ओंजळीनं प्यायला. भिंतीला ओल आहे का, चाचपलं. मग रेक्टर बाईंना विचारलं, "रातीला राखण कोण करतं?"

"अण्णा, चला ना!" अंबिका लाजून चूर झाली. बाईंनी मात्र हसत वॉचमनला समोर उभं केलं. बिरूनं त्याचीही कसून चौकशी केली.

"जागा कोरडी हाय, पाणी गोड हाय, माणूस बी जागा राहणारा दिसतो," तो बायकोला म्हणाला. "ठेव पोरीला बिनघोर."

"अन् मेंढरं?"

"नर तेवढे येत्या बाजारी काढू. माद्या ठेवायच्या. पोरीला एकच साल शिकायचंय व्हय? दरसाल पिल्लं व्हतील, दरसाल भागंल."

सारजाबाईनं मनातच हिशेब जुळवून बघितला. मन फिरलं नव्हतं. गड्यानं शेवटच्या वर्षापर्यंतचा विचार करून ठेवला होता.

नर विकले गेले, अंबिका हॉस्टेलला राहिली. तिला सोडून परतताना स्टँडवर दोघांनी उसाचा रस घेतला. एरवी अबोल असलेला बिरू रसवाल्याला म्हणाला, "आमची पोरगी नर्सिंगला हाय." मग कंडक्टरला सांगितलं, मग शेजारच्या म्हातारबाला. गंगापूर येईस्तोवर अर्ध्या एसटीला खबर लागली. म्हातारबाला नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून सारजाबाईनंच पुन्हा मोठ्यानं सांगितलं.